काचेमागचा लाल आकडा

१.०

"थांबवा! थांबवा ओ मॅडम!"

"अगं, पडली नाहीस अजून."

"पडणार की आता!"

आणि मी तळहाताने लाल बटण हाणलं. पट्टा कुरकुरत थांबला. काखेतून आणि मांड्यांतून आवळलेल्या कॅनव्हासच्या झोळीत लटकत, पायांची अढी घालून मी हवेत एक गिरकी घेतली. भिंत, खिडकी, मॅडम, अप्पा, पुन्हा भिंत.

बाकावरून पमी मगदूम ओरडली, "अंबाक्का भ्याली! एक पॉइंट झिरोला भ्याली!"

"तू एकदा हनुवटी फोडून घे, मग बोल."

"माझं एक पॉइंट चार आहे."

"असू दे."

"चार, अंबाक्का. चार!"

पमी सात वर्षांची होती आणि मी दहा. ती माझ्यापेक्षा वेगात चालते याचं मला काही वाटत नव्हतं. ती ते दर पाच मिनिटांनी सांगते, याचं वाटत होतं.

नीलोफर मॅडमनी माझी गिरकी हाताने थांबवली. "बरं. पुन्हा नऊवर जाऊ. शून्य पॉइंट नऊ. चालेल?"

"नऊ चालेल."

"नऊ आणि दहात फरक काय आहे अंबू? एवढासा."

"दहात आधी एक येतो, मॅडम."

अप्पा मागे साखळी धरून उभे होते. मी बटण हाणलं की लोक माझ्याकडे बघायचे. अप्पा मोटरच्या झाकणाकडे बघायचे.

०.९

आता जरा नीट सांगते.

गाव इचलकरंजी. वर्ष दोन हजार सहा, महिना जानेवारी. आमचे अप्पा, शिवलिंग म्हेत्रे, यंत्रमागावर जॉबर होते. माग विणकर चालवतो. माग अडला, रुसला, धागा तोडायला लागला की जॉबरला हाक मारतात. अप्पा पान्यांची पिशवी घेऊन जायचे, मागाच्या पोटात डोकं घालायचे आणि बाहेर येईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. आई घरीच मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. मी सातव्या महिन्यात जन्मले. डॉक्टरांच्या कागदावर 'सेरेब्रल पाल्सी' लिहिलेलं होतं आणि गल्लीत 'पायातलं वारं' म्हणत. पाय ताठ, गुडघे आत, चालायला लागले की कात्रीसारखे एकमेकांवर. चौथीपर्यंत अप्पांच्या कडेवर बसून शाळेत गेले. जूनमध्ये पाचवी, म्हणजे मुलींची मोठी शाळा. तिथल्या बाईंनी प्रेमानेच, पण स्पष्ट सांगितलं होतं: कडेवर आणणारा बाप्या फाटकाच्या आत येणार नाही. फाटकापासून वर्गापर्यंत तिचं तिने यायचं.

म्हणून ते मशीन.

आमच्यासारख्या मुलांचं केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टच्या जुन्या गोदामात ते पट्ट्यावर चालायचं मशीन ठेवलेलं होतं. कुणा शेठजींनी वजन उतरवायला घेतलेलं. वजनाआधी उत्साह उतरला, म्हणून ट्रस्टला दिलेलं. ताशी अर्ध्या किलोमीटरपासून सुरू व्हायचं. समोर काळी काच आणि तिच्यामागे लाल आकडा. वर लोखंडी चौकट होती आणि तिला कप्पी. ती अप्पांनी बसवली होती. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कारखान्यात सुताचे अवजड रूळ उचलतात ना, तसली. झोळी मॅडमनी आणि मुलांच्या आयांनी मिळून शिवली होती. साखळी ओढली की आमचं निम्मं वजन झोळी घ्यायची आणि निम्मं आमच्या पायांवर यायचं.

नीलोफर मॅडम आमच्या फिजिओथेरपिस्ट. मिरजेहून पहिल्या एसटीने यायच्या. पट्ट्याशेजारी पाटावर बसायच्या आणि माझी डावी टाच हातात धरायच्या. "टाच आधी! चवडा नाही, टाच!" एकदा मी विचारलं, जमिनीवर का नाही चालवत, भुई काय फुटलीय का? तर म्हणाल्या, "भुईवर तू दर पावलाला विचार करतेस. पट्टा विचार करायला वेळ देत नाही. पाय मागे गेला की पुढे आणावाच लागतो. हजार वेळा आणलास की डोकंच म्हणेल, जाऊ दे, आता हे मीच करतो."

नऊपर्यंत डोकं मान्य करत होतं. डिसेंबरात पहिल्यांदा एक पॉइंट झिरोवर गेले तेव्हा डावा चवडा पट्ट्यात अडकला, झोळी सरकली आणि हनुवटी समोरच्या दांडीवर आपटली. दोन टाके. तेव्हापासून काचेमागे आधी शून्य असेल तर मी माणूस, आणि आधी एक आला की लाकूड.

१.३

हा माझा नव्हे. पमीचा.

संक्रांतीनंतर पमी एक चारवरून एक तीनवर आली. पंधरवड्याने एक दोन. केंद्रात आम्ही अकरा मुलं होतो; माझ्याखेरीज दहाच्या दहांचे आकडे घसरायला लागले.

"मशीनने माझ्यावर डूख धरलाय," पमी रडत म्हणाली. तिच्या आईने मशीनला हळदीकुंकू वाहिलं.

मॅडमनी पुस्तक काढलं आणि कारण शोधलं. थंडी. थंडीत स्नायू आखडतात. सगळ्यांना लोकरीचे मोजे, सकाळी तिळाचं तेल, गच्चीवर ऊन. आया भराभरा तेल चोळायला लागल्या. गोदामात पाऊल टाकलं की भजी तळल्यासारखा वास यायचा. मग फेब्रुवारीत ऊन तापलं, पंखे लागले आणि थंडीचा मुद्दा घाम पुसत निघून गेला; मोजे तेवढे पायात राहिले. आकडे होते तिथेच. पमी एक एकवर.

मी आपली नऊवर. ना वर, ना खाली. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सगळे खाली येत होते, मी जागेवर होते. असंच चाललं असतं तर मी पहिली आले असते.

०.९

मार्चच्या सुरुवातीला ट्रस्टचे सेक्रेटरी हेरवाडेअण्णा आले. त्यांचं स्वतःचं सायझिंग होतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. बाकावर बसून त्यांनी फॉर्म उघडला. नाव, वय आणि एक रकाना: यंत्रावरील वेग.

"मॅडम, सगळं उतरतंय."

"अण्णा, जमिनीवर बघा ना. अंबूला दहा मीटर जायला डिसेंबरात चाळीस सेकंद लागत होते. आता सत्तावीस लागतात. पमी तर..."

"घड्याळ तुमच्या हातात असतं, मॅडम. मीटर कुणाच्या हातात नसतो. कमिटी मीटर विचारते."

"पण मूल चालतंय!"

"मग मशीनमुळे नसंल. आपोआप असंल." अण्णा वाईट माणूस नव्हते, बोलताना पमीला खडीसाखर देत होते. "ज्येष्ठ नागरिक संघ सहा महिने मागतोय हे मशीन. एकतीस तारखेला येतो मी. अकराच्या अकरा रकाने डिसेंबरच्या वर दिसले तर राहील. नाहीतर एक तारखेला टेम्पो येईल."

मॅडमनी मान खाली घातली. अप्पा साखळीला तेल लावत होते. ते लावतच राहिले, साखळीवरून ओघळून जमिनीवर थेंब पडेपर्यंत.

बारा, आठ

हा वेग नाही. हे माझं मोजणं आहे.

तीस तारखेची संध्याकाळ. आई कांड्यांच्या यंत्रावर, अप्पा चहा घेत उंबऱ्यात, मी भिंतीला पाठ लावून पाय ताणत बसलेली. मला मशीन जाणार म्हणून काय काय आठवत होतं, आणि त्यातलं एक तोंडातून निघून गेलं.

"अप्पा, पट्ट्याला जोड आहे बघा. पायाखाली आला की टुक् लागतो."

"हं."

"डिसेंबरात एका टुकापासून दुसऱ्यापर्यंत माझे बारा मोजून व्हायचे. आता आठातच येतो."

अप्पांचा कप ओठांपाशी थांबला.

"तू मोजत असतीस?"

"मग काय करू? समोर नुसती भिंत."

आई आतून म्हणाली, "मागवाल्याची पोर. मोजणारच."

"आकडा तोच. नऊ. मग जोड लवकर कसा येतो, अप्पा?"

अप्पांनी कप खाली ठेवला. उठले, पिशवी आणली आणि माझ्यासमोर जमिनीवर तीन पुल्या मांडल्या. लहान, जरा मोठी, आणखी जरा मोठी. चकचकीत, लेथवर नव्या कातलेल्या. त्यांच्याशेजारी एक जुनी, गंजकी, सगळ्यांत लहान.

"ही मशीनच्या मोटरवरची मूळची," ते म्हणाले. "सगळ्यांत मोठी आत बसलीय."

"म्हणजे?"

"दर दुसऱ्या रविवारी बदलली. दरवेळी दोन सूत मोठी." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडे दुधाच्या बाटलीआधी पोरांना सूत कळतं. "काचेला मोटर किती फिरते तेवढंच कळतं गं. पट्टा किती पळतो ते तिला काय माहीत? पुली मोठी केली की आकडा तोच राहतो आणि पट्टा पुढं जातो."

"कशाला?"

"तुला एकाच्या वरचं बघवत नाही म्हणून. म्हटलं, नको बघू. पाय तर चालतायत." मग जरा दबक्या आवाजात, "कारखान्यात हेच करतोय आम्ही वीस वर्षं. मालक म्हणतो, वेग वाढव, विणकराला सांगू नको. सांगितलं की त्याचा हात थरथरतो, धागे तुटतात. न सांगता दोन सूत चढवली की आठवड्यात हात बसतो. त्याचं त्यालाच कळत नाही."

"मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर चढली असतीस?"

"नसते."

"मग!"

"मग काय मग! मी काय माग आहे का, अप्पा?"

कांड्यांचं यंत्र थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली. "पोरगी बरोबर विचारतीय," ती म्हणाली.

अप्पा पुल्यांकडे बघत बसले. मला राग आला होता, आणि रागाच्या खालून काहीतरी गुदगुल्या करत होतं. आठातच जोड येतो. म्हणजे मी...

आणि मग दुसरंच आठवलं.

"अप्पा, त्याच मशीनवर पमी पण चालते."

"चालते की."

"मग तिच्या पायाखाली पण पट्टा पळत असणार. मॅडम पाय बघून वेग लावतात. पाय भराभर पडायला लागले की काचेवरचा आकडा कमी करतात."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं त्यांच्या डोक्यात एक माग आणि एक विणकर होता. एका मागावर अकरा विणकर पाळीपाळीने उभे राहतात, हे त्यात कधी शिरलंच नव्हतं. हळदीकुंकू, तिळाचं तेल, पमीचं रडणं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्यांना वाटत होतं, बिचाऱ्या पोरांना थंडी बाधतीय.

"अगं आई गं," ते म्हणाले.

"जा, आत्ताच मॅडमना फोन करा," आई म्हणाली.

"फोन कशाला? पहाटे जातो, मूळची पुली बसवतो. अण्णा येतील तेव्हा सगळ्यांचे आकडे आपोआप खरे दिसतील. कुणाला काय कळायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं कुठं? खरंच दिसंल. फक्त आधीचं बोलायचं नाही."

मी विचारलं, "मग माझा आकडा?"

"एक तीन येईल."

"मी नाही बघणार एक तीन."

"डोळे मिट."

"आणि पडले की?"

अप्पांकडे त्यासाठी पुली नव्हती.

दुरुस्ती

वरचे आकडे सुधारून घ्या.

पहिल्या भागातला १.० तेवढा खरा होता. तो जानेवारीचा पहिला आठवडा, पुली मूळचीच. पमीचा १.३ प्रत्यक्षात दीडच्या घरात. अण्णा आले त्या दिवशीचा माझा ०.९ म्हणजे १.३५. मी दीड पट वेगाने चालत होते आणि जागेवर असल्याचा मला अभिमान वाटत होता.

आता मी काठी घेऊन चालते, जिने टाळते, आणि कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याचं झाकण काढून बघावंसं वाटतं. तेवढंच. पुढचे आकडे खरे आहेत.

१.६

एकतीस तारखेला सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पमी आधीच झोळीत होती आणि अण्णा बाकावर. अप्पा पहाटे येऊन, पुली बदलून, मला आणायला घरी परत आले होते. वाटभर ते शीळ घालत होते. अप्पा शीळ घालत नसत.

मॅडमनी बटण दाबलं. पाच, सहा, सात. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा. पमीचे पाय सावकाश पडत होते. मॅडमनी वाढवलं. एक. एक दोन. एक चार.

"मॅडम," पमी म्हणाली, "हळू चाललंय."

एक पाच. एक सहा.

"आई! आई गं! एक पॉइंट सहा! बघ ना, एक पॉइंट सहा!" पमी इतकी ओरडली की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. तिच्या आईने मशीनला हात जोडले. मॅडम काचेकडे, पायांकडे, पुन्हा काचेकडे बघत होत्या. पुढचा सुजय एक तीन, त्याच्यानंतरची आफरीन एक पाच. पाळी संपली की प्रत्येकाच्या आईने प्रत्येकाच्या आईला मिठी मारली.

अण्णा मात्र लिहीत नव्हते.

"कालपर्यंत ही पोरगी एक एकवर होती," ते म्हणाले. "आज एक सहा. एका रात्रीत काय खायला घातलंत मॅडम?"

"मलाही कळत नाही, अण्णा."

अण्णांची नजर फिरत फिरत अप्पांच्या हातांवर आली. अप्पांनी हात मागे घेतले. उशीरच झाला होता. नखांपर्यंत काळे ग्रीस.

"म्हेत्रे. मशीनला हात लावलायस?"

"तेलपाणी..."

"मी सायझिंगवाला आहे. मला तेलपाणी सांगू नको. आकडा वाढवून ठेवलायस ना?"

पमी ओठ काढून बघायला लागली. तिचा एक पॉइंट सहा कुणीतरी काढून घेणार, हे तिला कळलं होतं.

तीन महिने काच खोटं बोलत होती तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आज ती खरं बोलायला लागली आणि चोर ठरली. मी बाकावरून म्हटलं, "अप्पा, सांगा."

"अंबू..."

"तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते, आणि मला सूत मोजता येत नाहीत नीट."

मग त्यांनी सांगितलं. पिशवीतून एकेक पुली काढत, बाकावर मांडत, विणकर आणि मालक आणि दोन सूत, सगळं. बोलून झाल्यावर मॅडम पाटावर बसल्या.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "मी मुलांना लोकरीचे मोजे घालायला लावले."

"चुकलो, मॅडम."

"छत्तीस डिग्रीत, अप्पा! लोकरीचे!" आणि मग आवाज बदलला. "एखादं मूल पडलं असतं म्हणजे? मला वाटलं असतं मी पाय नीट धरला नाही. मी हे काम सोडायचा विचार करत होते, माहितीय तुम्हाला? कालच."

अप्पांनी हात जोडले. काळे हात, त्यामुळे नमस्कारसुद्धा गुन्हेगारासारखा दिसला.

"मोठी पुली दे इकडे," अण्णा म्हणाले. त्यांनी खिशातून छोटी टेप काढली. मोठी तीन इंच; जुनी मोटरचं झाकण काढून मोजली, दोन इंच. "दीड पट. बरं. ही गोष्ट खरी असंल. पण आज काच खरी आहे हे कशावरून? खडू आहे का?"

खडू पमीच्या दप्तरात निघाला. अण्णा पांढऱ्या पँटसकट गुडघ्यांवर बसले आणि पट्टा मोजला. फिरवून फिरवून, बरोबर तीन मीटर. पट्ट्यावर खडूची आडवी रेघ ओढली. आकडा एक आठवर लावला.

"एक पॉइंट आठ म्हणजे मिनिटाला तीस मीटर. तीन मीटरचा पट्टा. दहा फेऱ्या आल्या पाहिजेत. साडेनऊ नाहीत, अकरा नाहीत. मोजा रे सगळे."

त्यांनी घड्याळ धरलं. रेघ आली. "एक!" अकरा पोरं, सात आया, रिक्षावाला. "दोन!" सुजयला चार-पाचच्या पुढे मोजता येत नव्हतं, तो दरवेळी "पाच!" ओरडत होता. "आठ!" "पाच!" "नऊ!" अप्पांनी डोळे मिटले होते.

"दहा!"

"मिनिट," अण्णा म्हणाले, आणि गुडघे झटकत उठले. "काच खरी आहे."

पमीने झोळीशिवाय, भिंतीला धरून, गोदामाच्या टोकापर्यंत जाऊन दाखवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

०.५

दहा रकाने भरले. अण्णांनी अकराव्यावर पेन टेकवलं. "अंबिका शिवलिंग म्हेत्रे. डिसेंबर, शून्य नऊ. आज?"

अप्पा घाईने म्हणाले, "शून्य नऊचे दीड पट, अण्णा. एक पॉइंट पस्तीस. हिशोबानेच येतंय, चढायची गरज नाही."

"हिशोबाचं मी लिहीत नाही. चाललेलं लिहितो." ते माझ्याकडे वळले. आवाज मऊ होता. "पोरी, कमिटीत चार माणसं आहेत. ज्या पोरीसाठी हा उद्योग झाला तीच चढली नाही, असं म्हटलं तर ते बाकीचे दहासुद्धा खोडतील. मी पण खोडीन, त्यांच्या जागी असतो तर."

अप्पांनी मला उचललं. झोळी आवळली. मॅडमनी टाच धरली. शून्य पाच. सहा. आठ. नऊ. जोड बाराला आला, शहाण्यासारखा.

मॅडमनी बटण दाबलं.

१.०

गुडघे आपोआप आत वळले. हनुवटीवरचे टाके नसूनही ओढले गेले. मी लाल बटण हाणलं.

पट्टा थांबला. आयांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. अण्णांनी पेनाचं टोपण लावलं नाही, पण बोटांत धरलं.

"काचेवर फडकं टाकूया का?" अप्पा म्हणाले.

"नको!" मी इतक्या जोरात म्हटलं की झोळी हलली. "आता झाकायचं काही नाही."

पमी पट्ट्याच्या कडेपर्यंत आली होती. मला वाटलं, बोलणार आता. बोलली. "अंबाक्का, एक पॉइंट झिरो लई वेळ राहत नाही. लगेच एक पॉइंट एक येतो."

"मॅडम," मी म्हटलं, "वेगाचं बटण मी दाबणार."

"तुझे हात दांडीवर हवेत."

"एक दांडीवर, एक बटणावर."

मॅडमनी अप्पांकडे बघितलं. मग अप्पांकडे बघणं सोडून माझ्याकडे बघितलं. "टाच आधी," त्या म्हणाल्या. "बाकी तुझं तू."

०.५, ०.६, ०.७, ०.८, ०.९, १.०, १.१

एकाच दमात, कारण पमीचं खरं होतं. मध्ये थांबायला जागा नसते. पाय लाकडाचे झाले. एकावर लाकूड, एक एकवर लाकूड, एक दोनवर डावं लाकूड वाकलं. त्या पायाला हा वेग ओळखीचा होता. गेल्या महिनाभर तो याच वेगाने चालला होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं एवढंच. टाच. टाच. मोजायला लागले तर जोड आठाच्या आसपास आला, आणि मला हसू फुटलं.

१.३

"एक पॉइंट तीन," अण्णा म्हणाले आणि लिहिलं. अकरावा रकाना. फॉर्म मिटला. "मशीन इथंच राहील."

मग कुणी काय केलं ते मला दिसलं नाही, मी समोर बघत होते. आवाज ऐकू आले. पमीच्या आईचं रडणं, सुजयचं "पाच! पाच!", मॅडम नाक ओढताना. अप्पांचा हात मागून पाठीला लागला, ग्रीसचा वास आला.

"झालं की गं, अंबू. उतर आता."

मी चालत होते.

"अंबू. पुरे. याच्या वर मी तुला कधी नेलेलं नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "हात काढा, अप्पा."

त्यांनी काढला. मी बोट वेग वाढवायच्या बटणावर ठेवलं.

"अण्णा, फॉर्म उघडा," मी म्हटलं. "तो आकडा खोडा."